तैलरंगातल्या पोर्ट्रेटमध्ये ऊन कसं आणायचं? चेहरा नुसता पांढुरका होतोय

अर्धा_कॅनव्हास
मंडळी, तैलरंगात चेहरे रंगवतो. दिव्याच्या उजेडात बसवलेला माणूस असेल तर बऱ्यापैकी जमतं, साम्य येतं, नाकडोळे जागेवर असतात. पण तोच माणूस उन्हात बसवला की गाडी अडते. उजेडाची बाजू उजळ करायला टिटॅनियम व्हाइट घालत जातो तर गाल पांढुरका आणि मेलेला दिसतो, म्हणून पिवळा वाढवला तर कावीळ झाल्यासारखा चेहरा. सावलीला बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) लावतो, ती बाजू मातकट होते. मोठ्या लोकांची चित्रं बघतो तेव्हा कातडीतूनच उजेड येतोय असं वाटतं, आणि जवळ जाऊन बघावं तर तिथे पांढरा रंग फारसा नसतोच! हे नक्की कुठून येतं? रंग चुकतायत, क्रम चुकतोय की बघणंच चुकतंय? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा, वाचायला भरपूर वेळ आहे.

खरखरीत_ब्रश
बघणं. रंगांचं नंतर.

आधी हिशोब समजून घे. भर दुपारच्या थेट उन्हात साधारण १,००,००० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो आणि तिथेच बाजूच्या मोकळ्या सावलीत १०,००० ते २०,०००. म्हणजे एकच वस्तू उन्हातून सावलीत नेली की तिच्यावरचा उजेड पाच ते दहा पटीने कमी होतो. त्यात पांढरा कपडा आणि काळे केस यांचा आपापला फरक धरला तर समोरच्या दृश्यातला उजळ-गडद फरक शे-दोनशे पटीवर जातो. आणि तुझ्याकडे काय आहे? ट्यूबमधला पांढरा पडलेल्या उजेडातला नव्वदेक टक्के परत पाठवतो, आयव्हरी ब्लॅक चार-पाच टक्के. वीस पट, संपलं. सूर्य कॅनव्हासवर मावतच नाही, त्यामुळे 'अजून उजळ' करत पांढरा ओतण्यात अर्थच नाही, ट्यूब रिकामी होईल आणि तरी ऊन येणार नाही.

मग करायचं काय, तर दोन गट पाडायचे. उन्हातलं सगळं एका गटात, सावलीतलं सगळं दुसऱ्या, आणि सावलीतली सगळ्यात उजळ गोष्टसुद्धा उन्हातल्या त्याच रंगाच्या गोष्टीच्या जवळपास येऊ द्यायची नाही. नवशिक्यांची सावली इथेच फुटते, सावलीत हनुवटीखाली परावर्तित उजेड दिसला की लगेच तो इतका उजळ लावतात की तो उन्हातल्या गालाशी भांडायला लागतो. झालं, ऊन मेलं.

एक गंमत करून बघ. मॉडेलला पांढरा सदरा घाल आणि उन्हात असा बसव की गाल उन्हात आणि सदऱ्याची एक बाजू सावलीत. आता डोळे अगदी बारीक करून दोन्ही शेजारीशेजारी बघ. सावलीतला पांढरा सदरा उन्हातल्या गव्हाळ गालापेक्षा गडद निघेल. डोकं म्हणतं सदरा पांढरा आहे, ब्रश ते ऐकतो आणि चित्र बिघडतं. तो सदरा निळसर राखाडी करून मधल्या टोनपर्यंत (टोन म्हणजे रंगाचा उजळ-गडदपणा) खाली आणलास की गालाला एक थेंबही पांढरा न वाढवता ऊन लागेल.

जांभळी_सावली
ब्रशभाऊ म्हणतात ते खरंय पण अर्धंच आहे, आणि मला वाटतं अर्ध्याकॅनव्हासचा घोळ दुसऱ्या अर्ध्यात आहे. नुसत्या टोनवर चित्र बरोबर येतं, पण ते ब्लॅक अँड व्हाइट फोटो रंगवल्यासारखं होऊ शकतं. उन्हाचा 'रंग' हा टोनमध्ये नसतो ना.

अमेरिकेत प्रॉव्हिन्सटाउनला चार्ल्स हॉथॉर्न नावाच्या चित्रकाराने १८९९ मध्ये केप कॉड स्कूल ऑफ आर्ट सुरू केलं. तो मॉडेलला समुद्रकिनाऱ्यावर भर उन्हात बसवायचा आणि विद्यार्थ्यांना रंगवायला ब्रशऐवजी पुट्टी लावायची पाती वापरायला लावायचा, कारण पात्याने पापण्या आणि नाकपुड्या काढताच येत नाहीत. उरतं काय, तर टोपीखालचा सावलीतला चेहरा हा एक रंगाचा तुकडा, उन्हातला खांदा दुसरा, मागचं पाणी तिसरं. नाकडोळे नसलेल्या त्या अभ्यासांना तिथे 'मडहेड' म्हणत, चिखलाची डोकी. १९३० मध्ये हॉथॉर्न गेला, नंतर त्याचा विद्यार्थी हेन्री हेन्शे यानं ते शिक्षण कित्येक वर्षं चालू ठेवलं आणि त्यानं तर आधी रंगवलेले साधे लाकडी ठोकळे उन्हात मांडून तेच काढायला लावले. चेहरा नंतर. कारण ठोकळ्याला आपण 'ओळखत' नाही त्यामुळे त्याची सावलीची बाजू जांभळी दिसली तर आपण मुकाट्याने जांभळी लावतो, पण चेहऱ्याच्या बाबतीत डोकं मध्ये येतं, 'कातडी कुठे जांभळी असते का' म्हणून.

असते. उन्हातल्या सावलीवर सूर्य पडत नाही पण आकाश पडतंच की. वर बघणारे भाग, म्हणजे सावलीतलं कपाळ, गालाच्या हाडाचा वरचा भाग, नाकाची सावलीतली वरची कड, हे आकाशाचा निळा घेतात. खाली बघणारे भाग, म्हणजे हनुवटीचा खालचा भाग, नाकाचं बूड, भुवईखालची खोबण, हे जमिनीवरून उसळलेला गरम उजेड घेतात, माणूस हिरवळीवर असेल तर हिरवट, तांबड्या जमिनीवर असेल तर थेट नारिंगी. म्हणजे एकाच सावलीत, एकाच टोनमध्ये, दोन तीन रंग. बर्न्ट अंबर हे सगळं एका फटक्यात पुसून टाकतं. पॅलेटवरून काढूनच टाक महिनाभर.

खरखरीत_ब्रश
ताई, एकाच टोनमध्ये म्हणालात ते अधोरेखित करा हो. तेच तर मी म्हणतोय. तो निळा आणि तो नारिंगी सावलीच्या गटातून बाहेर पडला की सगळं फुकट.

आणि रंगच सगळं असतं तर स्वीडनच्या आंदर्स झोर्नचं कसं निभावलं? पोर्ट्रेटसाठी मुख्यतः पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल) आणि आयव्हरी ब्लॅक, निळा नाहीच. काळ्यात पांढरा घालून जो राखाडी होतो तो ऑकर आणि लालच्या शेजारी निळा म्हणून खपतो. आणि त्याच्या माणसांच्या अंगावर उजेड आहेच.

जांभळी_सावली
खपतो, कारण शेजार! म्हणजे पुन्हा रंगाचंच नातं झालं. शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्येच हे सविस्तर मांडलंय, दोन रंग शेजारी आले की एकमेकांना आपल्यापासून लांब ढकलतात. तो गोबलॅंच्या कापड विणण्याच्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता, तिथे काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली आणि निघालं असं की दोष धाग्यात नाही, शेजारच्या रंगात आहे. तेव्हा झोर्नचा निळा हा राखाडीच आहे पण डोळा तो निळा करून घेतो. आणि झोर्नच्या आतल्या खोलीतल्या पोर्ट्रेटना ते चार रंग पुरतात, पण स्पॅनिश चित्रकार सोरोयाचा उन्हातला समुद्रकिनारा त्या चार रंगांत करून दाखवा, मग बोलू :)

टर्पेंटाइनकाका
भांडण रंगात आलंय, त्यात सामानाचं थोडं सांगतो कारण अर्ध्याकॅनव्हासच्या प्रश्नात टिटॅनियमचं नाव आहे.

बाळा, टिटॅनियम व्हाइट चित्रकारांच्या हातात आला तो १९२० च्या आसपास. त्याआधीचे बहुतेक, सोरोया (१८६३ ते १९२३) आणि झोर्न धरून, लेड व्हाइटवर (शिशापासूनचा पांढरा). मिसळताना लेड व्हाइटचा दुसऱ्या रंगावरचा जोर बराच सौम्य, थोडासा पारदर्शक, थोडा उबदार, त्यामुळे कातडीच्या रंगात मिसळला तरी रंग जिवंत राहतो. टिटॅनियम दांडगा, नखाएवढा घातला तरी शेजारचा रंग खातो आणि थंड, म्हणजे निळसर, करून टाकतो. लाल घे, त्यात टिटॅनियम घाल, उजळ लाल होत नाही, थंड गुलाबी होतो. लाल रंगाची धार, म्हणजे झळाळी, मुळात मधल्या टोनला सगळ्यात जास्त, पिवळ्याची उजळ टोनला. म्हणून उन्हातला गाल उजळत न्यायचा तर लालातून थेट पांढऱ्याकडे उडी मारायची नाही, वाटेत नारिंगीत थांबायचं, मग कोमट पिवळ्यात, आणि पांढरा सगळ्यात शेवटी, तोही कपाळाच्या किंवा नाकाच्या टोकाच्या एका फटकाऱ्यापुरता.

लेड व्हाइट विषारी आहे, त्यामुळे नवशिक्याला मी वापर म्हणणार नाही. टिटॅनियमच वापर पण त्याला आधी यलो ऑकरचा किंवा कॅडमियम ऑरेंजचा किंचित हात लावून ठेव आणि तोच ढीग पॅलेटवर 'पांढरा' म्हणून वापर. ट्यूबमधला कोरा पांढरा झाकून ठेव. झिंक व्हाइटच्या नादी लागू नको, दिसायला मऊ असतो पण तेलात वर्षानुवर्षांनी ठिसूळ होऊन तडकतो.

अलिझरिन क्रिमसन (गर्द लाल) असेल तर तेही बाजूला ठेव, पातळ थरात किंवा पांढऱ्यात मिसळलेलं ते उजेडात विटतं. गालाची लाली पाच दहा वर्षांत उडाली तर काय करणार. त्याच्या जागी क्विनाक्रिडोन घे, तसाच लाल पण टिकाऊ. सावलीच्या गडदसाठी अल्ट्रामरीन (निळा) आणि ट्रान्सपरंट रेड ऑक्साइड (तांबूस तपकिरी), अंबरपेक्षा कितीतरी स्वच्छ सावली होते, आणि कोणता किती घालतोस त्यावर ती थंड-गरम हवी तशी झुकवता येते.

अर्धा_कॅनव्हास
काका, नोंद करून ठेवली. आणि वर दोघांच्या भांडणातून मला जेवढं मिळालंय तेवढं क्लासमध्ये कधी मिळालं नव्हतं, थांबू नका.

व्यवहारातली एक अडचण. उन्हात बसवलेलं माणूस किती वेळ बसणार, आणि ऊनही सरकतं. म्हणून मी फोटो काढून आत बसून रंगवतो. चालेल का?

धूसर
मी फोटोवरूनच जास्त काम करते म्हणून सांगते, चालतं पण फोटो खोटं बोलतो हे धरून. कॅमेरा उन्हाला मोजून फोटो काढतो तेव्हा सावली काळीभोर होते आणि सावलीला मोजलं तर उन्हातला गाल कोरा पांढरा. डोळ्याला दोन्हीकडचं दिसत असतं कारण तो फिरता फिरता जुळवून घेतो. त्यामुळे ज्या सावलीत जांभळीताई म्हणतात तो निळा-नारिंगीचा खेळ आहे नेमका तोच भाग फोटोत मरतो, आणि आपण तो काळा बघून अंबर लावतो. मी एकाच पोझचे दोन तीन फोटो काढते, एक उन्हाला धरून, एक सावलीला धरून. शिवाय जागेवर उभं राहून लहानशा बोर्डावर पाऊण तासात रंगांचे फक्त मोठे तुकडे लावून घेते, नाकडोळे काही नाही. रेखाटन फोटोवरून, रंग त्या बोर्डावरून.

ऊन सरकण्याचं म्हणाल तर सूर्य तासाला १५ अंश फिरतो. दोन तासांत नाकाची सावली गालावरून ओठावर येते. म्हणून सावलीच्या कडा पहिल्या दहा मिनिटांत पक्क्या करायच्या आणि मग कितीही मोह झाला तरी त्यांच्यामागे धावायचं नाही. पुढची बैठक दुसऱ्या दिवशी त्याच वेळी.

आणि हो, हे कोणी सांगत नाही, मॉडेल उन्हात पण कॅनव्हास सावलीत! कॅनव्हासवर ऊन पडलं तर पॅलेटवरचा प्रत्येक रंग झगझगीत दिसतो, आपण तो गडद करत जातो, आणि आत आणून भिंतीला लावलं की चित्र ढिम्म काळपट. छत्री लावायची तर ती पांढरी किंवा काळी, रंगीत छत्रीखाली सगळे रंग चुकतात.

पडवीतला_वाचक
+१. सोरोयाचे किनाऱ्यावर काम करतानाचे जुने फोटो आहेत, माणसापेक्षा मोठा कॅनव्हास वाळूत उभा केलाय आणि वाऱ्याला आडोसे लावलेत. बघण्यासारखे आहेत.

जांभळी_सावली
मूळ प्रश्नात एक वाक्य होतं, 'कातडीतूनच उजेड येतोय असं वाटतं'. त्यावर कोणी बोललं नाही अजून. ते शब्दशः खरं आहे. कातडी अर्धपारदर्शक असते, उजेड आत शिरतो, आत विखुरतो आणि बाहेर येतो तेव्हा लाल झालेला असतो कारण आतल्या रक्तात निळा-हिरवा भाग जास्त शोषला जातो.

हे जवळून बघायचं तर मॉडेलला सूर्याकडे पाठ करून बसव आणि फक्त कान बघ. कानाची पाळी आणि वरची वळलेली कड पेटलेली दिसते. कड सगळ्यात जास्त तांबडी-नारिंगी, आत जिथे कूर्चा जाड आहे तिथे गडद किरमिजी, आणि कानाच्या पुढचा गाल मात्र सावलीत, निळसर. आता इथे लोक काय करतात, कान चमकतोय म्हणून पांढरा घालतात. अजिबात नाही. कॅडमियम रेड आणि कॅडमियम ऑरेंज, पांढऱ्याशिवाय, एका फटकाऱ्यात, पुन्हा हात न लावता. तो टोनमध्ये फार उजळ नाहीये, फार शुद्ध आहे, एवढंच. शेजारचा गाल आणि केस जेवढे करडे ठेवाल तेवढा तो पेटेल. नाकपुडीच्या कडेला आणि बोटांच्या फटीतही हेच, कमी प्रमाणात.

आणि दुसरी जागा म्हणजे उजेड संपून सावली सुरू होते ती वळणाची पट्टी. तिथे गालावर ऊन अगदी तिरपं लागतं आणि आतून विखुरलेला लाल सावलीच्या कडेने जरासा बाहेर सांडतो. ही पट्टी अरुंद असते, पण तिथे रंग उजेडापेक्षाही आणि सावलीपेक्षाही धारदार असतो. आपण सगळे तिथे उजेडाचा रंग आणि सावलीचा रंग ब्रशने घोटून एक राखाडी करतो. घोटायचं नाही! तिसरा रंग मिसळायचा, तांबूस नारिंगी, टोनने मधला, आणि तो दोन्हींच्या मध्ये मांडायचा. माझ्या मते ऊन हायलाइटमध्ये नसतंच, या पट्टीत असतं.

खरखरीत_ब्रश
या पोस्टला पूर्ण सहमत, आज काय तारीख आहे?

फक्त कडेबद्दल भर घालतो. वळणाची सावली मऊ असते पण पडलेली सावली, म्हणजे टोपीची किंवा नाकाची, उन्हात खूपच धारदार असते. सूर्य आपल्याला आकाशात जेमतेम अर्धा अंश दिसतो, त्यामुळे टोपीची कड गालापासून १५ सेंटिमीटरवर असेल तर तिच्या सावलीची धूसर कड जेमतेम दीड मिलिमीटर भरते. जिथे कड जवळ तिथे सावली सुरीने कापल्यासारखी, जिथे लांब तिथे जरा सैल. दोन्ही मऊ केल्या तर तो ढगाळ दिवस होतो, मग पॅलेटवर काहीही असो. आणि उंचावरच्या पानांमधल्या लहान फटींतून चेहऱ्यावर जे कवडसे पडतात ते गोल किंवा लंबगोल असतात, भोक कसंही वेडंवाकडं असलं तरी, कारण तो प्रत्येक कवडसा सूर्याचीच प्रतिमा असतो. लोक ते पानांच्या आकाराचे काढतात.

पडवीतला_वाचक
अवांतर: उन्हाचं नाही पण उजेडाचं आहे म्हणून आठवलं, चित्रकार हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं. कित्येकजण ते रविवर्म्याचं समजतात. ते तैलरंगात नाही, जलरंगात आहे. जलरंगात उजळ जागा म्हणजे बहुतेक कोरा कागदच, वरून उजळ थापायची सोयच फारशी नाही. तरी चेहरा उजळलाय तो आजूबाजूच्या अंधारामुळे. इथल्या चर्चेला धरून आहे असं वाटलं.

टर्पेंटाइनकाका
अवांतर नाही, एकदम मुद्द्याचं आहे. तैलरंगात तीच सोय हवी असेल तर ग्लेझ. उन्हातला गाल हवा त्यापेक्षा थोडा उजळ आणि थोडा फिका रंगवून पूर्ण वाळू द्यायचा, मग त्यावर ट्रान्सपरंट ऑक्साइडचा किंवा क्विनाक्रिडोनचा अगदी पातळ थर, जास्तीचा चिंधीने टिपून घ्यायचा. उजेड त्या थरातून खाली जातो, खालच्या उजळ थरावर आपटून परत वर येतो, म्हणजे दोनदा गाळला जातो. वरचा थर खालच्यापेक्षा तेलकट हवा, उलट केलंत तर तडे. आणि सावलीवर लगेच ग्लेझ फिरवत बसू नका, उन्हातल्या सावलीत हवा असते, तिला गुळगुळीत केलं की ती बंद खोलीतली सावली होते.

जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, हे प्रत्येक धाग्यात लिहितो. आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा नाहीतर पाण्याच्या झाकणबंद डब्यात टाका.

अर्धा_कॅनव्हास
मॉडेल मिळालं नाही म्हणून आरशासमोर स्वतःच बसलो. एका बाजूला पिवळट टेबललॅम्प, दुसऱ्या बाजूला खिडकीतलं आकाश, ऊन नाही पण गरम-थंड हे दोन्ही मिळालं. पात्यानेच लावलं, नाकडोळे नाहीत. पांढऱ्याची ट्यूब उघडलीच नाही, ऑकर मिसळलेला ढीग आधी करून ठेवला होता. उजेडाची बाजू आधीच्या चित्रांपेक्षा बरीच गडद आहे आणि तरी जास्त तापलेली दिसतेय, हे अजून पचत नाहीये. सावलीतलं कपाळ निळसर केलं ते मात्र जखमेसारखं दिसतंय.

अजून एक, माझा रंग चांगला सावळा आहे. वर नारिंगीतून पिवळ्याकडे जा म्हणालात, ते गोऱ्या कातडीचं गणित नाही ना?

खरखरीत_ब्रश
जखम दिसते कारण तो निळा शेजाऱ्यापेक्षा उजळ किंवा गडद आहे, नाहीतर जास्त शुद्ध आहे. फोन काढ, फोटो ब्लॅक अँड व्हाइट कर. कपाळाचा निळा वेगळा उठून दिसला तर टोन चुकला, शेजारच्या सावलीत विरून गेला तर निळा जास्त शुद्ध झालाय, त्यात थोडा ऑक्साइड मारून करडा कर.

सावळ्या कातडीचं गणित वेगळंच आहे आणि माझ्या मते जास्त मजेचं. कातडीच्या वरच्या थरावरून जी चमक परत येते ती सगळ्यांची जवळपास सारखीच, चारेक टक्के, तिचा कातडीच्या रंगाशी संबंध नाही. गोऱ्या गालावर ती आतून येणाऱ्या उजेडात हरवते. सावळ्या गालावर आतून येणारा उजेड कमी, त्यामुळे तीच चमक ठळक उठून दिसते आणि ती समोर जे असेल त्याचा रंग घेते. सूर्याची चमक जवळजवळ पांढरी, पण कपाळावर आणि गालाच्या हाडावर पसरलेली रुंद चमक आकाशाची, म्हणजे स्वच्छ निळसर. तिथे नारिंगी-पिवळ्यातून जायचं नाही, मूळ कातडी तांबूस नारिंगी ठेवायची, चांगली शुद्ध, आणि तिच्यावर थंड चमक थेट ठेवायची, न घोटता. तुझ्या टिटॅनियमला इथे काम आहे, किंचित अल्ट्रामरीन घालून.

जांभळी_सावली
आणि सावळ्या कातडीच्या सावलीत काळा घालू नकोस. क्विनाक्रिडोन आणि अल्ट्रामरीन, त्यात ऑक्साइड. तो बोर्ड दुरुस्त करत बसू नकोस, तसाच ठेव, फोटो इथे टाक आणि उद्या त्याच वेळी दुसरा लाव. लॅम्प जरा लांब सरकव, हनुवटीखाली काहीतरी रंगीत कापड पसर म्हणजे खालून येणारा उजेड दिसेल.

धूसर
कापड लालच घे. पहिल्यांदा बघताना पटकन सापडतं.